गोविंदरावाचं सुतक

झाशी
३ सप्टेंबर

वहिनी,

तुम्ही फोन उचलत नाही. मिलिंदला लावला तर तो म्हणतो, "आत्या, आई पूजेला बसली आहे." सकाळ-दुपार-संध्याकाळ पूजा चालायला तुम्ही पुण्यात मुलाकडे मठ काढलाय का? म्हणून पत्र. पत्र मधेच कापता येत नाही. अक्षर माझं आठवीपर्यंतचं आहे, लावून घ्या.

मी सिपरी बाजारातल्या माझ्या घराला कुलूप घालून तुमच्या घरी राहायला आले आहे. दादाने बोलावलं नाही, तो कुणाला बोलावणार. तुम्ही निघून गेलात हे मला दूधवाल्याने सांगितलं. "बुआजी, भाभीजी तो पूना चली गईं, गुस्से में." सख्ख्या नणंदेला दूधवाल्याकडून कळावं! आणि कारण काय, तर नवरा गोड खातो. दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, गोड खातो. मला हसूच आलं. मी म्हटलं, वहिनी पहिल्यापासून बारक्या गोष्टीचा बाऊ करतात. रोज त्याची शुगर बघायची, रोज पायाची पट्टी सोडायची, परत बांधायची. माणूस वैतागणार नाही तर काय. पंधरा दिवसांत सरळ करते त्याला, असं मी दूधवाल्यालाही सांगून बसले.

आता हकीकत ऐका.

साखरेचा डबा मी माझ्या पेटीत घातला. तर दादा रोज वेगळ्या गणपतीच्या आरतीला. सकाळी मंडळाचा, संध्याकाळी कुणाच्या तरी घरचा. मोदक हाणून येतो आणि म्हणतो, "प्रसादाला नाही म्हणू का?" मी म्हटलं, प्रसाद चिमूटभर असतो, ताटभर नसतो. तर म्हणतो, "देवाला मोजून वाढतात का गं?"

कारल्याचा रस काढून दिला. मुकाट घेतला. मला वाटलं, बघा, धाक लागतो माणसाला. मग तुळशीला पाणी घालायला गेले तर माती हिरवीगार. सगळा रस तिला पाजलेला. तुळस टवटवीत आहे, तिला शुगर नसावी.

फिरायला जा म्हटलं तर लगेच तयार. काठी घेतली, टोपी घातली, निघाला. मी खूश. एक दिवस पाय दुखतो म्हणून घरी राहिला आणि मी मेथी घ्यायला बडा बाज़ारात गेले, तर जलेबीवाला कढईवरून उठून विचारतो, "बुआजी, अंकल आज आए नहीं, तबियत तो ठीक है?"

काल डॉक्टर अजयकडे नेलं. पोरगा चांगला आहे, फालतू बोलत नाही. डाव्या पायाच्या करंगळीची जखम, ती नव्या चपलेने चावलेली, तुम्ही गेलात तेव्हा होती तेवढीच आहे. भरत नाही. डॉक्टर म्हणाले, "अंकलजी, शुगर नीचे नहीं आई तो पहले उँगली जाएगी. फिर पंजा. फिर घुटने तक." दादा म्हणतो, "ये क्या पैसेंजर गाड़ी है, हर स्टेशन पे रुकेगी?" सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झाली, दुसरं सुचतच नाही त्याला. डॉक्टर हसले नाहीत. मी हसले. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

हे त्याला सांगू नका. सांगणार कशा, तुम्ही तर पूजेत.

दुर्गा


८ सप्टेंबर

वहिनी,

गणपती गेले, मोदक संपले, मी सुटले म्हटलं. पितृपक्ष लागतोय हे माझ्या ध्यानातच नाही.

तुम्ही हे दरवर्षी बघता. मी पडले सिपरी बाजारातली, मला काय माहीत. शहरात आपली जुनी मराठी घरं थोडीच उरली, आणि श्राद्धाच्या पानावर बसायला आपल्यातला ब्राह्मण उरला एकच. बाकीचे वारले तरी, नाहीतर इंदूरला मुलांकडे गेले. इथल्या पंडितजींना बोलावलं तर ते पूरी-कचौरी मागतात, आमसुलाची चटणी बघून विचारतात, ये क्या है. म्हणून पंधरा दिवस सगळ्या घरांचे सगळे पितर एका माणसाच्या तोंडाने जेवतात. आणि त्या माणसाला शुगर आहे.

काल पौर्णिमेचं एक घर झालं, आज प्रतिपदेचं. खीर, वडे, लाडू, आणि निघताना बरोबर बांधून घारगे. आल्यावर मी त्याचं बोट टोचून मशीन लावलं, तर शुगर मोजण्यापलीकडे, मशीनने आकडाच दाखवला नाही, नुसतं 'हाय' लिहिलं. दादा म्हणतो, "बघ, नमस्कार करतंय."

मी म्हटलं, दादा, जायचं तर जा, पण खीर खाऊ नकोस. तर त्याचं शास्त्र ऐका. "मी खातच नाही. पितर खातात. मी नुसता बसलेला असतो. जे मी खाल्लंच नाही ते माझ्या रक्तात कसं येईल?"

"मग आज रक्त कुणाचं तपासलं? पितरांचं?"

"तुझी आठवी झालेली आहे दुर्गे," म्हणतो, "या गोष्टी तुझ्या डोक्याबाहेरच्या."

मग मी यमुनाबाईंकडे गेले. उद्या द्वितीया, त्यांच्या यजमानांची तिथी. मी म्हटलं, "यमुनाबाई, दादाचा पाय जायची वेळ आली आहे. उद्या त्याच्या पानात खीर वाढू नका."

त्या खलबत्त्यात वेलदोडे कुटत होत्या. हात थांबला नाही. "वामनरावांना नको असेल तर नको की. ते कुठे खाणार आहेत? खाणार आमचे हे."

"अहो पण घशाखाली जाते दादाच्याच ना?"

"आमचे हे खिरीशिवाय कधी पानावरून उठले नाहीत. वर्षातून एकदा येतात बिचारे. तुम्ही सांगा त्यांना, खीर नाही म्हणून. माझी तर हिंमत नाही."

आता मेलेल्या माणसाला मी काय सांगू? जिवंत ऐकत नाही तिथे.

घरी आले. दादा उद्याचं सोवळं वाळत घालत होता आणि गुणगुणत होता. वहिनी, हा माणूस पायाला पट्टी बांधून गुणगुणतो कसा?

दुर्गा


१० सप्टेंबर

वहिनी,

गुरसरायचा गोविंदराव गेला असं कानावर आलं असेल तर रडू नका. तो गेलेला नाही. मी घालवला.

काल सकाळी दादा सोवळं नेसून, उपरणं घेऊन यमुनाबाईंकडे निघाला. पट्टी भिजू नये म्हणून पायाला दुधाची पिशवी बांधली होती. लंगडत उंबऱ्यापर्यंत गेला. आणि माझ्या तोंडातून निघालं, "दादा, थांब. गुरसरायहून निरोप आलाय. गोविंदराव गेला."

मी ठरवून बोलले नाही. बोलून झाल्यावर मला कळलं की किती बरोबर बोलले. भाऊबंदातलं माणूस गेलं की दहा दिवस सुतक. सुतकात कुणाच्या श्राद्धाला बसायचं नाही. घरात गोडधोड करायचं नाही. आणि माणूस पण तोंडाला कसा नेमका आला बघा. सख्खा चुलत भाऊ, गोत्र एक, कानाने बहिरा, फोन बाळगत नाही. वर मिलिंदच्या मुंजीपासून दादाशी बोलणं बंद. पूछताछ कोण करणार?

दादा उंबऱ्यातच उभा राहिला. मग मागे फिरला, डोक्यावरून पाणी घेतलं आणि कोपऱ्यात घोंगडी टाकून बसला. यमुनाबाईंकडे मीच निरोप दिला. त्यांनी घरातल्या घरात नुसतं पान वाढून वेळ निभावली. संध्याकाळी त्यांच्याकडून प्रसादाची म्हणून वाटीभर खीर आली. दादाने वाटीकडे बघितलं सुद्धा नाही. "सुतक आहे," म्हणाला. "परत पाठव."

वहिनी, जन्मभर तुम्ही डोकं फोडून जे झालं नाही ते एका न मेलेल्या माणसाने एका दुपारीत केलं. डॉक्टरांनी सांगितलं तर हा हुज्जत घालतो. तुम्ही सांगितलं तर रुसतो. मी सांगितलं तर तुळशीला पाजतो. सुतकाशी मात्र हुज्जत नाही.

मला सुतक नाही, मी लग्न होऊन दुसऱ्या गोत्रात गेलेली. त्यामुळे देव आणि चूल माझ्या हातात. लौकीची भाजी, ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण. "सुतकात असंच असतं," म्हटलं की मुकाट जेवतो.

दादाने मिलिंदला फोन करून रीतसर कळवलं. मिलिंद म्हणतो, "बाबा, कौन गोविंदराव?" तुम्ही म्हणजे दादाची बायको, तुम्हालाही सुतक लागतं, म्हणून घाईने लिहिते. पाळत असाल तर सोडून द्या, देवाला फूल घाला. दादाला मात्र खरं कळवू नका. तसं कळवायला तुम्हाला त्याच्याशी बोलावं लागेल, तेव्हा मी निश्चिंत आहे.

दुर्गा


१५ सप्टेंबर

वहिनी,

तुमचं पार्सल मिळालं. नाचणीचं पीठ आणि पायाला लावायची पावडर. आत चिठ्ठी नाही. म्हणजे माझी पत्रं वाचता. वाचा, वाचा. पूजा करता करता वाचा.

शुगर खाली आली आहे. मशीन नमस्कार करायचं बंद झालं, सरळ आकडा दाखवतं. डॉक्टर अजयला फोनवर आकडा सांगितला तर म्हणाले, "आंटीजी, आपने क्या किया?" मी म्हटलं, परहेज. एक माणूस मारला असं कसं सांगू?

पट्टी दादा स्वतःच बदलतो. न्हाणीघरात जातो, दार लावतो, बांधून येतो. "कसं आहे?" विचारलं की "भरतंय" म्हणतो. मी काही तुमच्यासारखी पायाशी बसत नाही. मोठा माणूस आहे.

पण एक भानगड झाली. दादा रडतो.

मला वाटलं होतं, ज्याच्याशी इतकी वर्षं बोलला नाही त्याचं काय एवढं. पण घोंगडीवर बसल्या बसल्या त्याला सगळं आठवायला लागलं. दोघांनी मिळून समथरच्या बाजारातून बकरी आणली आणि ती वाटेत पळाली. गोविंदराव रेल्वेच्या परीक्षेला बसला नाही, कारण दोघांत एकच बूट होता. "एकच बूट म्हणजे एक जोड," मी म्हटलं. "हो हो, एक जोड. तो मला दिला त्याने. मी पास झालो." आणि ढसाढसा. लौकी ताटात तशीच.

काल म्हणतो, "दुर्गे, श्रीखंड आंबटच होतं."

"कुठलं श्रीखंड?"

"मिलिंदच्या मुंजीतलं. गोविंदाने पंगतीत मोठ्याने म्हटलं, आंबट आहे. कांचनने केलेलं. सगळ्यांसमोर. मी त्याला पानावरून उठवलं. तेव्हापासून बंद." मग डोळे पुसले. "आंबटच होतं. पण मी कसं म्हणणार?"

रागावू नका. इतक्या वर्षांनी निकाल लागला म्हणून कळवलं. आणि बघा, बायकोचं श्रीखंड आंबट म्हटलं म्हणून ज्याने भाऊ तोडला, त्याला तुम्ही टाकून गेलात.

आज नवमी. बाबांची तिथी. सुतकात श्राद्ध करता येत नाही, म्हणून बाबांचं राहिलं. सर्वपित्रीला करता येतं, ते ठीक आहे, पण ते राहिलं माझ्या थापेमुळे. दादा सकाळपासून बाबांच्या फोटोकडे पाठ करून बसला होता. दुपारी मी कुणाला न सांगता गच्चीवर गेले आणि कठड्यावर भाताचा घास ठेवला. मुलीने ठेवलेला चालतो की नाही, मला माहीत नाही. कावळा लगेच आला. मी त्याला म्हटलं, बाबा, दादाचा पाय आहे, समजून घ्या. त्याने खाल्लं आणि उडाला. बाबाही असेच होते, पान संपलं की उठायचे.

बाकी सगळ्या घरांनी आपापल्या तिथ्या सर्वपित्री अमावस्येवर ढकलल्या आहेत. तोपर्यंत वामनराव मोकळे होतील म्हणे. म्हणजे त्या एका दिवशी दादाला सगळ्या झाशीची खीर खायची आहे. यावर मला अजून काही सुचलेलं नाही. दुसरा कुणी भाऊबंद शिल्लक आहे का, आठवून बघा.

दुर्गा


१८ सप्टेंबर
हॉस्पिटलच्या बाकावरून

वहिनी,

क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच घोटाळा होईल.

काल दुपारी मी भाजी घ्यायला गेले होते. परत आले तर दादा घोंगडीवरून हाक मारतो, "दुर्गे, पान वाढ. गोविंदा आलाय." अगदी शांत. जसा काही स्टेशनवरून आलाय.

समोर खुर्चीत गोविंदराव. मांडीवर छत्री, अंगभर धूळ, जिवंत.

दादा त्याला प्रेमाने विचारत होता, "अरे पण इतक्या लवकर कसा आलास? अजून तुझा दहावा व्हायचाय."

गोविंदरावाला ऐकू येत नाही. तो म्हणाला, "बस वाटेत बंद पडली."

"तिकडून बस असते?" दादाने विचारलं. मग माझ्याकडे वळून हळूच, "सावली पडते का गं याची?"

"पडते," मी म्हटलं. "चांगली रुंद पडते."

तेवढ्यात गोविंदरावाने छत्री जमिनीवर आपटली. "वामनदादा, मला मारलं कुणी? बडा बाज़ारातल्या किराणावाल्याने गुरसरायला शोक कळवला. लोक माझ्या दारात येतात आणि माझ्यासमोर माझ्या बायकोला धीर देतात! परवा तर एकाने मलाच धीर दिला!"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवी खाली ठेवली. "मी मारलं," म्हटलं. "खीर बंद करायची होती. काय म्हणणं आहे?"

दादाचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हाच जातो. "बाबांची नवमी घालवलीस," म्हणाला. मग ओरडला, "आणि मी याच्यासाठी रडलो!"

"काय म्हणतो?" गोविंदरावाने मला विचारलं.

मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडले, "तुमच्यासाठी रडला!"

"ऑं?"

"रडला! आणि श्रीखंड आंबट होतं म्हणाला!"

हे त्याला पहिल्या झटक्यात ऐकू गेलं. छत्री बाजूला ठेवली. उठला, दादाच्या पाया पडायला वाकला. धाकटा ना तो. वाकला आणि तसाच थांबला. मग नाकाला धोतराचा सोगा लावून वर आला. कान गेलेत, नाक शाबूत आहे.

"दादा," म्हणाला, "तुझा पाय सडलाय."

मी पट्टी सोडली. दादा सोडू देत नव्हता, गोविंदरावाने त्याचे हात धरले. करंगळी काळी. नखापासून मुळापर्यंत काळी, वहिनी. आणि हा रोज "भरतंय" म्हणत होता. तुमची पावडर वरून दाबून भरलेली.

मी शुगर बघत होते. खाली बघितलं नाही. तुम्ही रोज सोडून का बघायचात ते कळलं. एवढंच लिहिते, जास्त लिहवत नाही.

उद्या सकाळी बोट काढणार. डॉक्टर म्हणतात, बोटावर थांबेल का पंजापर्यंत जावं लागेल हे कापल्यावर कळेल. मिलिंदला फोन केला आहे. ऑटोत दादा माझा हात धरून म्हणाला, "कांचनला कळवू नकोस." म्हणून ताबडतोब कळवते आहे.

दुर्गा


२२ सप्टेंबर

वहिनी,

बोट गेलं. पाय राहिला. मिलिंदने सांगितलंच असेल, पण तो "ऑपरेशन सक्सेसफुल" एवढंच सांगतो, त्यात काही कळत नाही.

डॉक्टर अजय म्हणाले, आठ-दहा दिवस शुगर खाली होती म्हणून वर चढलं नाही, नाहीतर पंजा गेला असता. हे मी दादाला दोनदा ऐकवलं. तो छताकडे बघत होता. माझ्याशी बोलत नव्हता ना. गोविंदरावाशी बोलत होता, त्याला ऐकू येत नव्हतं, आणि दोघांचं छान चाललं होतं.

काल सर्वपित्री. सगळ्यांकडून निरोप, वामनराव येणार ना? मी गोविंदरावाला आंघोळ घालून घेऊन गेले. ब्राह्मण आहे, आपल्यातला आहे, शुगर नाही, पोट विहिरीसारखं. यमुनाबाई दार उघडून किंचाळल्या, "अहो, हे वारले ना?" मी म्हटलं, "म्हणून तर आणले. यांच्या हातून थेट पोचेल." त्यांनी जरा विचार केला आणि पाट मांडला. दिवसभर घरोघर जेवत फिरला. शेवटच्या घरातून चौघांनी धरून आणला. बाबांचं पानही त्यालाच वाढलं, संकल्प दादाने हॉस्पिटलच्या खाटेवरून सोडला. पाणी फरशीवर सांडलं म्हणून नर्सने आरडाओरडा केला.

आता मुख्य गोष्ट.

पट्टी बदलायला डॉक्टर आले तेव्हा दादाने विचारलं, "मेरी उँगली किधर है?"

डॉक्टर म्हणाले, "अंकलजी, वो तो अस्पताल वाले ले जाते हैं. नियम है."

"अग्नी दिया?"

"भट्टी में जाती है."

"तो दिया." मग माझ्याकडे बघून, चार दिवसांत पहिल्यांदा, म्हणाला, "दुर्गे, सुतक."

"कुणाचं?"

"बोटाचं. जन्मापासून बरोबर होतं. गोविंदा चुलत, त्याचं तो न मरता पाळलं. हे तर सख्ख्याहून सख्खं. दहा दिवस गोड बंद."

"बोटाचं सुतक कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"तू जिवंत माणसाचं काढलंस ते कुठल्या पोथीत होतं?"

शेजारच्या खाटेवरच्या माणसाला संध्याकाळी नातू झाला. त्याची मुलगी पेढ्यांचा डबा घेऊन सगळ्या वॉर्डात फिरली. दादापाशी आली. दादाचा हात निघाला, वहिनी, मी बघितला, सवयीने निघाला. डब्यापर्यंत गेला आणि परत आला. "माफ करना बिटिया," म्हणाला. "हमारे यहाँ सूतक है."

"अरे, कौन गया अंकल?"

दादाने पांघरूण सारून पाय दाखवला. ती पोरगी डबा घेऊन पळालीच.

डॉक्टरांसाठी सोडणार नाही, माझ्यासाठी सोडणार नाही, आजारी आहे म्हणून तर मुळीच नाही. सुतक म्हणून सोडलं. मी विचारलं, दहा दिवस झाल्यावर काय? तर म्हणतो, "अजून नऊ आहेत." हसला. मग तोंड भिंतीकडे केलं. मी पंखा कमी केला आणि बाहेर जाऊन बसले.

आज घरी आणला.

आता नियमाचं. दादाच्या घरी सुतक म्हणजे ते तुम्हालाही आहे, तुम्ही त्याची बायको. कळवणं माझं काम, कळवलं. पुण्यात पाळलंत तरी चालेल, सुतकाला गावाची अट नाही.

फक्त पट्टी आता रोज सोडून बघायची असते. मी बघते, चुकवत नाही. पण माझा हात जड आहे. तो ओरडतो. आणि ओरडताना नाव तुमचं घेतो.

दुर्गा